शिवनेरीची शिंदळ माकुडी

मालेगावसारख्या कोरड्या हवेच्या गावात ज्यांना बागेची हौस आहे, त्यांचा ओढा अलीकडे मांसल, रसाळ वनस्पतींकडे विशेष दिसतो. त्याचे कारण उघड आहे. मोसम व गिरणा या दोन नद्यांच्या काठी गाव वसलेले असले तरी ते सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर सहज चढतो, आणि जेथे घरातले पाणी जपून खर्चावे लागते तेथे जाईमोगऱ्याचे लाड करणे सर्वांनाच परवडत नाही. रसाळ वनस्पती आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस पाण्यावाचून तग धरतात. तेव्हा गच्चीच्या कठड्यावर तुळशीवृंदावनाच्या शेजारी त्यांच्या कुंड्यांची ओळ दिसू लागली तर नवल नाही. ही झाडे परदेशची, त्यातही आफ्रिकेची, अशी सर्वसाधारण समजूत असते व ती पुष्कळ अंशी खरीही आहे.

किंबहुना आफ्रिकेची कित्येक रसाळ झाडे आपल्याकडे इतकी रुळली आहेत की, ती पाहुणी आहेत हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. शेताच्या कुंपणाला लावतात तो शेर मूळचा आफ्रिकेतील. स्वीडिश पंडित लिनिअस याने १७५३ साली त्यास शास्त्रीय नाव दिले, तेव्हा मलबारातील लोक त्यास 'तिरुकळ्ळी' म्हणत तेच नाव त्याने उचलले, आणि आफ्रिकेचे झाड जगभर मलबारी नावाने ओळखले जाऊ लागले. अंगणातील पानफुटी मादागास्कर बेटावरची. परंतु आफ्रिकेतील 'स्टॅपेलिया' नावाच्या ताराकृती फुलाच्या झाडासाठी जे हौसेने पैसे मोजतात, त्यांपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असते की, त्याच झाडाची एक सख्खी नातलग महाराष्ट्राच्या डोंगरी किल्ल्यांच्या कड्यांवर राहते, आणि महाराष्ट्राबाहेर ती रानात कोठेही उगवत नाही. तिचे नाव शिंदळ माकुडी. शास्त्रीय ग्रंथांत तिला 'फ्रेरिया इंडिका' असे म्हटलेले आढळेल, आणखी तीन-चार नावेही आढळतील. ती नावे कशी व का बदलत गेली हा या वनस्पतीच्या कथेतील मौजेचा भाग होय. त्या कथेच्या मुळाशी तिचे एक साधे पान आहे, आणि कुंडीत ती जगवावयाची असेल तरी त्या पानाकडेच लक्ष ठेवावे लागते.

प्रथम या वनस्पतींचे कुल कोणते ते पाहू. रसाळ दिसणारी प्रत्येक वनस्पती निवडुंगच असते असे समजणे बरोबर नाही. पाणी साठविणे हा निरनिराळ्या कुलांतील वनस्पतींनी स्वतंत्रपणे पत्करलेला मार्ग आहे. फड्या निवडुंग अमेरिकेतील एका कुलातला, शेर व त्रिधारी दुसऱ्याच कुलातले, कोरफड तिसऱ्या. शिंदळ माकुडी आणि स्टॅपेलिया ही दोन्ही रुईच्या कुलातील होत. मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात ती ही रुई. हे नाते प्रथमदर्शनी कोणास पटणार नाही, कारण रुईला मोठाली पाने व पांढरा चीक, तर यांची खोडे गुबगुबीत व रस पाण्यासारखा. परंतु वनस्पतींचे नाते पाहताना फुलाची व फळाची घडण आधी पाहावी, असा शास्त्राचा दंडक आहे. रुईचे फूल हातात घेऊन मध्यभागीच्या पाचकोनी गड्डूच्या कडेवरील बारीक फटीत टाचणीचे टोक घालून वर ओढले, तर टाचणीला दोन इवल्या पिवळ्या पिशव्या चिकटून येतात. इतर फुलांत पराग धुळीसारखा सुटा असतो, येथे तो मेणासारख्या पुंजांत बांधलेला असतो. कीटकाचा पाय किंवा सोंड त्या फटीत अडकते व परागपुंज घेऊनच बाहेर पडते. हीच रचना स्टॅपेलियात व शिंदळ माकुडीत आहे. फळेही तशीच, म्हणजे जोडीने येणाऱ्या शेंगा, आणि आत रेशमी केसांचा झुबका असलेले बी. वाऱ्यावर तरंगणारी 'म्हातारी' पकडण्यासाठी मुले धावतात ना, तेच हे बी. अलीकडे, १९९८ च्या सुमारास, शास्त्रज्ञांनी रुईचे स्वतंत्र कुल मोडून ते कण्हेरीच्या कुलात समाविष्ट केले. पण घरातल्या घरात नाते बदलले एवढेच, त्याने येथील विवेचनास बाध येत नाही.

युरोपीय लोकांस या जमातीची पहिली ओळख आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी झाली. १६२४ साली यूस्टुस हुर्नियस नावाचा एक डच धर्मोपदेशक पूर्वेकडील बेटांस जात असता त्याचे जहाज टेबल उपसागरात थांबले. त्या मुक्कामात त्याने तेथील काही वनस्पतींची चित्रे काढली, त्यांत या ठिपकेदार ताराफुलाचे एक चित्र होते. पुढे ॲमस्टरडॅमचा वैद्य योहानेस व्हान स्टापेल याने ग्रीक पंडित थिओफ्रास्टसच्या वनस्पतिग्रंथाची टीकायुक्त आवृत्ती सिद्ध केली व त्यात ते चित्र घातले. स्टापेल १६३६ साली वारला आणि ग्रंथ १६४४ साली त्याच्या पश्चात प्रसिद्ध झाला. लिनिअसने त्या वैद्याच्या स्मरणार्थ वनस्पतीस 'स्टॅपेलिया' हे नाव दिले. ज्याने चित्र काढले त्या हुर्नियसची आठवण ब्रिटिश पंडित रॉबर्ट ब्राउन यास १८१० साली झाली. त्याने दुसऱ्या एका आफ्रिकी प्रजातीस त्याचे नाव दिले, पण रोमन लिपीत नावातील दोन अक्षरांची अदलाबदल झाली. शास्त्राच्या नियमाप्रमाणे एकदा छापलेले नाव असे सहजासहजी सुधारता येत नाही, म्हणून आजही त्या प्रजातीचे नाव अशुद्धच लिहिले जाते. शुद्धलेखनाबद्दल मुलांस शिक्षा करणाऱ्यांनी हे उदाहरण वर्गात न सांगणेच बरे.

आफ्रिकेच्या टोकापासून ही जमात पूर्व आफ्रिका व अरबस्तान या मार्गाने थेट हिंदुस्थान व सिंहलद्वीपापर्यंत पसरलेली आहे. हिंदुस्थानातील एक जाती रॉक्सबर्ग याने १७९५ साली कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात वर्णिली, तीही स्टॅपेलिया म्हणूनच. रॉबर्ट ब्राउनने १८१० साली ती वेगळी काढली व तिच्या तेलुगू नावावरून 'कॅरालुमा' ही नवी प्रजाती स्थापिली. महाराष्ट्रातील उघड्या खडकाळ माळांवर गवतात हिरव्या चौकोनी कांड्यांसारखी जी उभी राहते व जिला खेड्यातील लोक माकडशिंग, कोठे माकडशेंगुळी म्हणतात, ती याच कॅरालुमातील. गुराखी मुले तिच्या कोवळ्या कांड्या मिठाबरोबर खातात. हिला पाने जवळजवळ नसतातच. अंगावर बारीक खवल्याएवढी खूण दिसते, तीही लवकर गळते. सगळ्या स्टॅपेलिया-जमातीचे हेच लक्षण मानले जाई, की खोड हिरवे व मांसल, आणि पाने नाहीत.

आता १८६४ सालाकडे यावे. निकोल अलेक्झांडर डालझेल हे मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यातील अधिकारी. अलेक्झांडर गिब्सन यांच्यासमवेत त्यांनी १८६१ साली 'बॉम्बे फ्लोरा' हा इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. जुन्नरजवळच्या डोंगरावर, म्हणजे शिवछत्रपतींचा जन्म जेथे झाला त्या शिवनेरीच्या परिसरात, त्यांना एक चमत्कारिक वनस्पती आढळली. कातळाच्या कपारीतून लोंबणारी, बोटाएवढ्या जाडीची राखट हिरवी खोडे आणि रुपयाएवढे फूल. फुलाच्या पाच पाकळ्या गर्द तांबूस-किरमिजी, त्यांवर पिवळे ठिपके, कडांना बारीक लव. फूल सर्वस्वी स्टॅपेलियाच्या वळणाचे, परंतु खोडावर चांगली दोन-तीन बोटे लांबीची, जाड, हिरवीगार पाने! या जमातीत असे पान कोणी पाहिले नव्हते. डालझेल यांनी ती कोणत्याही जुन्या प्रजातीत न घालता तिच्याकरिता स्वतंत्र प्रजाती केली आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्या नावावरून तिला 'फ्रेरिया' हे नाव दिले. प्रजातीचे नाव फ्रेरिया, जातीचे नाव इंडिका, आणि त्या प्रजातीत जाती एकच. योगायोग असा की, हेच फ्रेअर साहेब पुढे १८७७ साली स्टॅपेलियाच्या माहेरी, केप वसाहतीत, गव्हर्नर होऊन गेले.

डालझेल यांच्या निर्णयास दोष देण्याचे कारण नाही. पावसाळ्यात ज्याने ही वनस्पती पाहिली तो हेच करील. परंतु तीच वनस्पती माघ-फाल्गुनात पाहावी. पाने पिवळी पडून केव्हाच गळून गेलेली असतात आणि उघड्या कातळावर राखट रंगाची नुसती खोडे पडलेली असतात. अशा वेळी ती कॅरालुमापेक्षा फारशी निराळी दिसत नाही. मग प्रश्न असा उभा राहतो की, वर्षातून काही महिने दिसणाऱ्या पानांवरून प्रजाती ठरवावी की बाराही महिने टिकणाऱ्या खोडावरून व फुलावरून? गॉर्डन रोली या इंग्रज वनस्पतिज्ञाने १९५८ साली दुसरा पक्ष घेतला व फ्रेरियाला कॅरालुमात दाखल केले. येथे एक अडचण आली. एका प्रजातीत एकाच नावाच्या दोन जाती असू नयेत असा नियम आहे, जसे एका वर्गात एकाच नावाचे व आडनावाचे दोन विद्यार्थी असल्यास हजेरी घेणे कठीण होते. कॅरालुमात 'इंडिका' नावाची एक जाती आधीच होती. तेव्हा रोली यांनी हिचे नाव 'कॅरालुमा फ्रेरी' असे केले. गव्हर्नर साहेबांचे नाव पुढच्या जागेवरून मागच्या जागेवर गेले एवढेच.

वाद एवढ्यावर मिटला नाही. वनस्पतीच्या पेशीतील आनुवंशिक द्रव्य तपासून नाते ठरविण्याची पद्धत निघाल्यावर मेव्हे व लीडे या जर्मन अभ्यासकांनी २००२ साली सबंध जमातीची फेरमांडणी केली, तीत ही वनस्पती दक्षिण हिंदुस्थानातील 'बूसेरोसिया' या प्रजातीकडे गेली. ती प्रजाती वाइट व आर्नट यांनी १८३४ सालीच स्थापिलेली होती. पुढे २०१७ साली ब्रॉइन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी याहूनही मोठी घडामोड सुचविली. स्टॅपेलिया, कॅरालुमा, बूसेरोसिया इत्यादी सर्व प्रजाती मोडून त्या 'सेरोपेजिया'त विलीन कराव्या, असा त्यांचा प्रस्ताव आहे. सेरोपेजिया म्हणजे आपल्या डोंगरांवरील खर्पुडी, जिच्या कंदिलासारख्या पोकळ फुलांमुळे तिला कंदीलपुष्प म्हणतात. या प्रस्तावास सर्वांची संमती नाही. काही ग्रंथ तो स्वीकारतात, काही बूसेरोसियावर थांबतात, आणि हौशी बागवान तर अजून फ्रेरियाच म्हणतात.

ही नावांची उलथापालथ पाहून सामान्य माणूस कंटाळतो व शास्त्रज्ञांना दुसरे काम नाही की काय, असे म्हणतो. तसे म्हणणे न्याय्य नव्हे. नाव म्हणजे नात्याविषयीचे एक विधान असते, आणि पुरावा वाढला की विधान बदलावेच लागते. तथापि एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. डोंगराकाठच्या लोकांनी हिला नाव दिले ते 'माकुडी', म्हणजे माकडशिंगाच्या नात्यातले. तिच्या अंगावर पाने असताही त्यांनी तिला माकडशिंगाच्या पंक्तीस बसविले, असे या नावावरून दिसते. गुरे राखणारा मनुष्य वनस्पती बाराही महिने पाहतो. पानांसह पाहतो व पानांवाचूनही पाहतो. त्यामुळे जे नाते विद्वानांनी १९५८ साली छापले ते त्याच्या बोलीत आधीच होते. नावातील पहिला शब्द सभ्य मंडळींत उच्चारताना संकोच वाटावा असा आहे खरा, पण लोकांनी दिलेले नाव सोवळे करून घेण्याचा अधिकार पुस्तकवाल्यांना नाही.

मग हे पान आहे तरी कशाकरिता? जमातीतील सर्वांनी पाने टाकून दिली असता हिनेच ती का ठेवावी? याचे उत्तर समजण्यासाठी घरच्या पानफुटीकडे जावे लागते. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील बेंजामिन हाइने या वनस्पतिज्ञाने हिंदुस्थानात असताना पानफुटीचे पान चावून पाहिले. पहाटे ते आंबट लागले, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. त्याचे हे निरीक्षण १८१५ साली विलायतेत छापले गेले. चव अशी का बदलते याचा उलगडा पुढे झाला. सामान्य झाडे दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रे उघडून हवेतील कर्बवायू आत घेतात व उन्हाच्या बळावर त्यापासून साखर बनवितात, पण छिद्रे उघडी असता आतले पाणीही वाफ होऊन जाते. पानफुटी व तिच्यासारख्या अनेक रसाळ वनस्पती दिवसा दारे बंद ठेवतात. रात्रीच्या गारव्यात कर्बवायू आत घेऊन तो आम्लाच्या रूपाने साठवितात, म्हणून पहाटे पान आंबट लागते. दिवसा त्या आम्लातील कर्बवायू सोडवून त्याची साखर करतात. पाणी वाचते, परंतु काम सावकाश होते व वाढही सावकाश.

१९७७ साली लांगे व त्सुबर या अभ्यासकांनी शिंदळ माकुडीची अशी परीक्षा केली तेव्हा विलक्षण गोष्ट उघडकीस आली. हिचे खोड पानफुटीप्रमाणे रात्री वायू घेणारे, पण पान मात्र आंब्यापिंपळाच्या पानासारखे दिवसा वायू घेणारे. एकाच झाडावर दोन रीती! पावसाळ्यात पाण्याची ददात नसते, तेव्हा ती पाने काढून दिवसा भरभर कमाई करून घेते. पाऊस सरला की पाने टाकून देते आणि खोडाच्या काटकसरी रीतीवर पुढील सात-आठ महिने काढते. कोकणातून घाटावर येणाऱ्या पावसाचे चार महिने आणि पुढची दीर्घ कोरड, या आपल्या ऋतुचक्रास इतकी चोख बसणारी व्यवस्था क्वचितच पाहावयास मिळते. ज्या पानामुळे डालझेल यांना ती परकी वाटली ते पान म्हणजे सह्याद्रीच्या पावसाला दिलेले उत्तर होय.

एवढी तयारी असूनही ही वनस्पती विरळा झाली आहे. शिवनेरी, पुरंदर व त्याचा जोडकिल्ला वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वरचा परिसर, पूर्वीच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील रंधा धबधबा अशी तिची मोजकी ठिकाणे सांगतात. प्रत्येक ठिकाणी ती कड्याच्या अवघड भागातच उरलेली आहे. तिची खोडे शेळ्यांना आवडतात आणि माणसांनाही खाण्याजोगी असतात, त्यामुळे हात किंवा तोंड पोचेल तेथून ती नाहीशी झाली. उन्हाळ्यात डोंगरावरचे गवत पेटविले जाते, दरडी कोसळतात, आणि हौशी संग्राहक मुळांसह उपटून नेतात. जगातील अत्यंत संकटग्रस्त अशा बारा वनस्पतींच्या एका आंतरराष्ट्रीय यादीत तिचे नाव घातले गेले होते, आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या ग्रंथातही ती आहे. दुसऱ्या बाजूस युरोप-अमेरिकेतील काचगृहांत ती चांगली वाढते व फांद्यांपासून तयार केलेली रोपे तिकडे विकलीही जातात. म्हणजे जी शिवनेरीच्या कड्यावर दुर्बिणीने शोधावी लागते ती परक्या देशात टोपलीत लोंबताना दिसते, आणि तिच्या स्वतःच्या मुलखातील सुशिक्षित घरांत तिचे नावही माहीत नसते. सातारा जिल्ह्यातील शिंदेवाडी येथील नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्राने तिची रोपे वाढवून ती पुन्हा रानात लावण्याचे काम केले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानात तिच्या चुलत घराण्यातील, म्हणजे कंदीलपुष्पांच्या दुर्मिळ जाती जतन केलेल्या आहेत.

तेव्हा ज्यांना ती आपल्या गच्चीवर हवी असेल त्यांनी पहिला नेम हा करावा की, किल्ल्यावरून एक कांडीही आणावयाची नाही. वनजमिनीवरून वनस्पती उपटणे कायद्याविरुद्ध आहेच, पण कायदा बाजूस ठेवला तरी कड्यावर जेथे दहा-वीसच झाडे उरली असतील तेथून एक नेणे म्हणजे काय, याचा हिशेब कोणासही करता येईल. कुंडीत वाढविलेल्या झाडाची फांदी मिळवावी. ती एक वीतभर असली तरी पुरे.

फांदी आणली की लगेच मातीत खुपसू नये. कापलेली बाजू सावलीत चार-सहा दिवस सुकू द्यावी, म्हणजे जखमेवर खपली धरते. ओल्या जखमेतून कूज शिरते व ती या जमातीचा मोठा शत्रू आहे. खोड तळाशी काळे पडू लागले की दोन दिवसांत वरपर्यंत जाते. अशा वेळी निरोगी शेंडा कापून पुन्हा सुकवून लावणे हाच उपाय, औषधे शोधण्यात वेळ घालवू नये. खपली धरल्यावर फांदी जाड वाळूवर आडवी किंवा किंचित तिरपी ठेवावी. जेथे खोड वाळूला टेकते तेथे मुळे फुटतात. मृगाच्या सुमारास हे केल्यास यश बहुधा येते. थंडीत केल्यास फांदी महिनोन्महिने तशीच पडून राहते.

माती हा मालेगावकरांच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे. भोवतालच्या शेतांतील काळी माती कपाशीला उत्तम, पण येथे ती विषासमान. ती पाणी धरून ठेवते, फुगते आणि सुकली की तडकून मुळे तोडते. कड्यावर या झाडाच्या मुळाशी मूठभर माती व बाकी खडे असतात. कितीही पाऊस कोसळला तरी पाणी क्षणभर थांबत नाही. तीच स्थिती कुंडीत आणावी. दोन वाटे बारीक मुरूम किंवा विटांचा चुरा, एक वाटा जाड वाळू आणि एक वाटा कुजलेल्या पानांचे खत एवढे मिश्रण पुरते. शेणखत घातल्यास ते जुने, पुरते कुजलेले व अगदी थोडे असावे. कुंडी मातीची, उथळ व तळाशी मोठे भोक असलेली घ्यावी. याहून सोयीचे म्हणजे शिंके. स्वयंपाकघरातून शिंकी आता गेली, पण ज्या झाडाचा स्वभावच कड्यावरून लोंबण्याचा त्यास शिंक्यासारखी जागा नाही. पाणी चटकन निथळते, वारा चोहोकडून लागतो आणि खोडे खाली लोंबून फुले नजरेसमोर येतात.

पाणी केव्हा द्यावे हे पान सांगते. ज्येष्ठात पहिल्या सरींनंतर खोडाच्या टोकाशी हिरवे कोंभ दिसू लागतात. तेव्हापासून पाणी द्यावे व पाने वाढत असेपर्यंत माती फार सुकू देऊ नये. मालेगावास पाऊस बेताचा आणि मध्ये खंड पडणारा, म्हणून श्रावणातही हाताने पाणी देण्याची पाळी येते. भाद्रपद-आश्विनात फुले येतात. स्टॅपेलियाच्या काही आफ्रिकी जातींच्या फुलांस माशांना बोलाविण्यासाठी सडक्या मांसाचा दर्प असतो. हिच्या फुलास घरात ठेवणे नकोसे व्हावे असा दर्प येत नाही. दिवाळी उलटली की पाने पिवळी पडू लागतील, तेव्हापासून पाणी कमी करीत जावे आणि सर्व पाने गळल्यावर जवळजवळ बंद करावे. येथेच बहुतेकांचा घात होतो. झाड वाळले अशा समजुतीने काही जण ते उपटून टाकतात. काही जण दयेपोटी रोज पाणी घालतात, आणि तळाशी ते कुजते. झाड निजलेले आहे, मेलेले नाही. खोड सुरकुतले तरी घाबरू नये. महिन्यातून एखादे वेळी, तेही संध्याकाळी, मातीला ओल लागेल इतपत पाणी पुरे.

चैत्र-वैशाखातील मालेगावचे ऊन मात्र सह्याद्रीच्या कड्यावरील उन्हाहून कडक असते. रानात ही वनस्पती साधारण सातशे-आठशे मीटरपासून तेराशे मीटरपर्यंतच्या उंचीवर राहते. गाव त्याहून पुष्कळ सखल आहे, शिवाय सिमेंटची गच्ची रात्रीपर्यंत तापलेली राहते. म्हणून कुंडी पूर्वेच्या बाजूस, सकाळचे दोन-तीन तास ऊन मिळेल व दुपारी भिंतीची सावली पडेल अशी ठेवावी. या दिवसांत खोडाच्या सांध्यांत कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण बसतो. काडीला गुंडाळलेला बोळा स्पिरिटात बुडवून पुसून काढल्यास तो जातो. मुळांवर बसला असल्यास झाड उपटून मुळे धुवावी, सुकवावी व नव्या मातीत लावावी.

एक सूचना, जिच्याकडे बागवानी शिकविणारे बहुधा लक्ष देत नाहीत. एका झाडाच्या फांद्या तोडून पन्नास कुंड्या भरल्या तरी वंशाच्या दृष्टीने ते झाड एकच असते. एखादा रोग त्यास बाधणारा असेल तर तो पन्नासांनाही बाधेल. निसर्गात जाती टिकते ती बीजापासून, दोन निराळ्या झाडांच्या संकरातून. म्हणून ज्यास शक्य असेल त्याने दोन निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली झाडे शेजारी ठेवावी. मोकळ्या हवेत माश्या आपले काम करतात. प्रत्येक कुंडीत एक पाटी खोचून झाड कोणाकडून आले, कोणत्या साली आले आणि मूळ कोणत्या डोंगरावरचे, हे माहीत असेल तेवढे लिहावे. नावाच्या बाबतीत शास्त्रज्ञांचा वाद मिटेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. 'फ्रेरिया इंडिका, डालझेल १८६४' एवढे लिहिले की जगातील कोणताही वनस्पतिज्ञ ते ओळखील, कारण पुढची सगळी नावे त्याच नोंदीपाशी येऊन मिळतात. त्याखाली 'शिंदळ माकुडी' लिहावे.

फुलानंतर शेंग धरलीच तर ती जोडीने, शिंगांसारखी वर वळलेली येते व पिकण्यास बरेच आठवडे घेते. हिरवी असताना तोडू नये. रंग फिका पडून शिवणीवर रेघ दिसू लागली की जुन्या मलमलीची लहानशी पिशवी तिच्याभोवती सैल बांधावी, नाहीतर एखाद्या दुपारी शेंग उकलते आणि बी म्हाताऱ्या होऊन शेजाऱ्यांच्या पत्र्यावर जाऊन बसते. गोळा केलेल्या बियांचे केस काढून त्या ज्येष्ठाच्या प्रारंभी ओल्या वाळूवर पसराव्या. वरून वाळूचा पातळ थर, कुंडीवर काचेचा तुकडा, आणि जागा सावलीची. बी ताजे असल्यास रुजण्यास फार दिवस लागत नाहीत.